सरळ रेघेचा हट्ट सोडताना

युरोप आणि आशिया यांना जोडणारी मालगाडी म्हटली की माझ्या डोळ्यांपुढे एकच रेघ यायची. चीनच्या पोटातून निघावी, कझाखस्तानचं माळरान ओलांडावं, रशिया आणि बेलारूस मागे टाकून पोलंडमध्ये शिरावी आणि जर्मनीत जाऊन थांबावी. सगळीकडे एकच गेज, कमीत कमी थांबे, कमीत कमी सरहद्दी. जी योजना या रेघेच्या जवळ जाईल ती शहाणपणाची आणि जी वाकडी चालेल ती उधळपट्टी, असा माझा सोपा हिशोब होता. व्यापाऱ्यांच्या बैठकांत मी तो ठासून मांडत आलो, लेखांतूनही लिहिला. आज मी त्या मताचा राहिलेलो नाही. मत का बदललं आणि कशापायी बदललं, हे त्याच लोकांपुढे मोकळेपणानं सांगावं म्हणून हे लिहितो आहे.

माझा धंदा निर्यातदारांच्या मालाची वाहतूक जुळवून देण्याचा. न्हावा शेव्याहून कंटेनर कुठल्या वाटेनं, किती दिवसांत, काय दरानं जाईल हे सांगायचं आणि तो पोचेपर्यंत फोन घ्यायचे. मात्र गेजविषयीचं माझं वेड धंद्याच्याही आधीचं, मिरजेचं आहे. त्या जंक्शनवर एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ नांदत होते. एका वाघिणीतलं पोतं हमालाच्या पाठीवरून दुसऱ्या वाघिणीत जायचं, आणि त्या चार पावलांत वेळही सांडायचा, पैसाही आणि पोत्यातला मालही. १९९२ मध्ये भारतीय रेल्वेनं देशभर एकच गेज करण्याचा कार्यक्रम हाती घेतला तेव्हा आमच्या भागातल्या लोकांना त्याचं महत्त्व कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

म्हणून आशिया-युरोप मार्गाचा अभ्यास सुरू केला तेव्हा माझी नजर थेट ८५ मिलिमीटरवर गेली. चीनमध्ये आणि बहुतेक युरोपात रुळांमधलं अंतर १४३५ मिलिमीटर, तर जुन्या सोव्हिएत मुलखात १५२०. झारच्या काळात सेंट पीटर्सबर्ग ते मॉस्को हा मार्ग बांधताना पाच फुटांचं गेज ठरलं. त्या कामाचा सल्लागार होता जॉर्ज वॉशिंग्टन व्हिसलर नावाचा अमेरिकी इंजिनिअर. तो निर्णय पुढे साम्राज्यभर पसरला आणि आजही चीनमधून निघालेला डबा वाटेत दोनदा गाडी बदलतो: एकदा कझाखस्तानच्या वेशीवर दोस्तीक किंवा खोरगोसला आणि दुसऱ्यांदा बेलारूस-पोलंड सरहद्दीवर ब्रेस्ट आणि मावाशेविचेच्या यार्डांत. हे ८५ मिलिमीटर मिटवा, बाकी सगळं आपोआप होईल, हे माझं आवडतं वाक्य होतं.

त्या वाक्याला पहिला धक्का बसला तो दोन सालं शेजारी शेजारी ठेवल्यावर. चीनचं अलाशांकोऊ आणि कझाखस्तानचं दोस्तीक यांच्यातले रूळ सप्टेंबर १९९० मध्ये जोडले गेले. म्हणजे पॅसिफिकच्या किनाऱ्यापासून अटलांटिकपर्यंत ट्रान्स-सैबेरियनखेरीज आणखी एक अखंड लोहमार्ग त्या दिवशी तयार झाला. प्रत्यक्षात चोंगचिंगहून जर्मनीतल्या डुइसबर्गला जाणारी नियमित कंटेनरगाडी सुरू व्हायला २०११ उजाडलं. मधली वीस वर्षं रूळ होते, गेजची अडचण जितकी होती तितकीच होती, याऱ्याही होत्या. गाडी नव्हती.

मग २०११ मध्ये असं काय झालं? चोंगचिंगमध्ये लॅपटॉपचे मोठे कारखाने आले होते आणि त्यांना युरोपची बाजारपेठ लवकर गाठायची होती, हे एक. दुसरं कारण मला फार उशिरा उमगलं. रशिया, बेलारूस आणि कझाखस्तान यांनी २०१० मध्ये एकत्र कस्टम्स संघ केला आणि जुलै २०११ पासून त्यांच्या आपसातल्या सरहद्दींवरची कस्टम्सची तपासणी उठली. चीनच्या वेशीवर एकदा सील लावलेला डबा पोलंडच्या वेशीपर्यंत कुणी उघडायचं कारण उरलं नाही. हजारो किलोमीटरच्या टप्प्यात तपासणीच्या जागा दोनच राहिल्या. त्या वर्षी रूळ कुणी हलवले नव्हते. हलली होती ती तपासणीची टेबलं.

कंटेनरच्या जमान्यात गेजबदल हे मिरजेच्या हमालीसारखं काम राहिलेलं नाही. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या आणि यारीनं डबे उचलून पलीकडे ठेवायचे. यार्ड सुसज्ज असेल तर काही तासांत सगळे डबे पलीकडे जातात. दिवसच्या दिवस जातात ते कागदात. आमच्या ट्रकवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर, बिल्टीत. पश्चिम युरोपातल्या रेल्वेच्या बिल्टीचं घराणं १८९० च्या बर्न कराराकडे जातं. पूर्वेकडच्या समाजवादी देशांनी १९५१ मध्ये स्वतःचा वेगळा करार केला. एका बिल्टीवर निघालेला माल सरहद्दीवर दुसऱ्या बिल्टीवर चढवायचा, म्हणजे सगळे तपशील नव्यानं लिहायचे. त्यात एक आकडा चुकला की डबा बाजूला. नुकसानभरपाईचे नियम वेगळे, जबाबदारी कुठं संपते आणि कुठं सुरू होते तेही वेगळं. दोन्ही घराण्यांना चालेल अशी एकत्र बिल्टी २००६ मध्ये निघाली. या कागदाविषयी मी एकही लेख लिहिला नव्हता. रुळांवर मात्र ढीगभर.

आमच्या भागातले एक जुने ट्रान्सपोर्टवाले होते, सगळे त्यांना नाना म्हणत. डुइसबर्गच्या गाडीचं कौतुक मी त्यांना मोठ्या उत्साहानं सांगितलं. अकरा हजार किलोमीटर, जहाजाच्या जवळपास निम्म्या दिवसांत, विमानाच्या दराचा अंश. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "येताना काय भरून आणती रं ती?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्यानं ट्रक चालवला आहे त्याला हा प्रश्न पहिल्यांदा सुचतो, कारण परतीचं भाडं मिळालं नाही तर जाण्याच्या भाड्यात काही उरत नाही. सुरुवातीच्या वर्षांत बरेच डबे युरोपातून रिकामे परत जात, आणि तरीही गाड्या वाढत होत्या, कारण चीनमधली शहरं आणि प्रांत आपापल्या गाडीला अनुदान देत होते. चोंगचिंगची गाडी पाहून चेंगदूनं वुचला गाडी काढली, चंगचौनं हॅम्बुर्गला, यीवूनं माद्रिदला. २०१७ च्या जानेवारीत यीवूहून निघालेली गाडी लंडनलाही पोचली. आकडा वाढावा म्हणून रिकामे डबे जोडून फेऱ्या दाखवल्याच्या बातम्या पुढे खुद्द चीनमधूनच आल्या. बीजिंगनं अनुदानाला कात्री लावायला सुरुवात केली. दरम्यान परतीचा मालही हळूहळू मिळू लागला: मोटारी, यंत्रांचे भाग, वाइन, लहान मुलांची दुधाची पावडर. नानांच्या प्रश्नाला अर्धंमुर्धं उत्तर मिळालं, पण ते रुळांतून आलं नाही. आधी गाडी तोट्यात धावली, मग तिच्यासाठी माल तयार झाला. तोट्यात धावणाऱ्या गाडीला मी तोवर एकच शब्द वापरत असे.

समुद्राशी बरोबरी करण्याचं स्वप्नही याच सुमाराला उतरलं. आजच्या सर्वांत मोठ्या कंटेनर जहाजावर वीस फुटी मापाचे २४ हजार डबे बसतात. एका मालगाडीवर शंभर. एक जहाज म्हणजे दोनशे चाळीस गाड्या. २०२४ मध्ये चीन-युरोप मार्गांवर सुमारे १९ हजार फेऱ्या झाल्या आणि वीस लाखांहून जास्त डबे गेले. ऐकायला आकडा प्रचंड आहे. अशा ८५-९० जहाजांत तो सगळा मावतो. तांदूळ, लोखंड, फरशा किंवा सुती कपड्यांचे गठ्ठे कुणी शहाणा माणूस अकरा हजार किलोमीटर रेल्वेनं धाडणार नाही. रेल्वेला मिळतो तो मधला माल. विमानाला परवडत नाही, पण महिना-दीड महिना समुद्रावर अडकून राहिला तर त्यात गुंतलेल्या भांडवलाचं व्याज चढतं, असा. लॅपटॉप, मोटारींचे सुटे भाग, हंगाम संपायच्या आत दुकानात पोचायला हवा असा माल.

इथवर येऊनही माझी रेघ सरळच होती. गेजऐवजी आता कस्टम्स आणि बिल्टी महत्त्वाची, एवढाच फरक पडला होता. उलट रशिया-बेलारूसचा मार्ग मला आणखी पटू लागला, कारण तपासणीच्या जागा सर्वांत कमी त्याच मार्गावर. मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' हे चारशे मीटर लांबीचं जहाज सुएझ कालव्यात आडवं झालं, सहा दिवस कालवा बंद पडला आणि त्याच वर्षी शांघायहून युरोपला जाणाऱ्या चाळीस फुटी डब्याचं भाडं दहा हजार डॉलरच्या पुढे गेलं, तेव्हा मी छाती फुगवून म्हटलं की पाहा, जमिनीवरची वाट किती भरवशाची.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला. मार्ग तुटला नाही, गाड्या धावत राहिल्या. पण युरोपातल्या मोठ्या कंपन्यांनी आपला माल त्यावरून काढून घेतला. विमा मिळेना, निर्बंधांत कुठला डबा अडकेल याचा नेम नाही. ज्या गुणासाठी मी त्या मार्गाची तरफदारी करत होतो, तोच गुण अंगावर आला. सरहद्दी कमी असणं म्हणजे किल्ल्या थोड्या हातांत असणं, हे मी तोवर ध्यानातच घेतलं नव्हतं.

त्याच दिवसांत ज्या वाटेची मी बैठकांत टिंगल केली होती तिच्याकडे सगळे धावले. तिला मधला मार्ग म्हणतात. कझाखस्तानातून पश्चिमेला कॅस्पियन समुद्रावरचं अक्ताऊ बंदर, तिथून जहाजानं अझरबैजानमधलं अलात, पुन्हा रेल्वेनं जॉर्जिया. तिथून एक फाटा काळ्या समुद्रावरच्या पोती बंदराकडे जातो आणि दुसरा बाकू-तिबिलिसी-कार्स या २०१७ मध्ये सुरू झालेल्या मार्गानं तुर्कस्तानात. अखलकलाकीला गेज बदलायचं, मग अनातोलिया ओलांडून इस्तंबूलला बॉस्फोरसच्या तळाखालच्या मार्मराय बोगद्यातून युरोपात. याच वाटेनं २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये शिआनहून निघालेली गाडी प्राहापर्यंत गेली होती. सरहद्दी जास्त, रेल्वे कंपन्या जास्त, मध्ये समुद्र. वारा सुटला की कॅस्पियनवर जहाजं थांबतात, आणि त्या समुद्राची पातळी वर्षानुवर्षं खाली चालली आहे, त्यामुळे जहाजं पूर्ण भरता येत नाहीत. रेघ म्हणून पाहिलं तर ती केविलवाणी आहे. तरी तिच्यावरचा माल २०२२ मधल्या सुमारे १५ लाख टनांवरून २०२४ मध्ये ४५ लाख टनांच्या आसपास गेला. त्यात चीन-युरोपचा डबा थोडा, मध्य आशियातला माल जास्त. पण ज्यांच्या गोदामात दुसऱ्या कुठल्याच वाटेनं माल पोचत नव्हता त्यांना हा फरक सांगून उपयोग नव्हता.

यानंतर २०२३ च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात हूथींनी जहाजांवर हल्ले सुरू केले. जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली, आमचीही. आणि काय झालं? रशियामार्गे जायला जे तयार नव्हते त्यांतलेच काही जण पुन्हा त्या गाडीचे दर विचारू लागले. तीन वर्षांत तीन वेळा पळापळ, आणि प्रत्येक वेळी कालची वाईट वाट आजची बरी वाट ठरलेली. सप्टेंबर २०२५ मध्ये पोलंडनं बेलारूसची सरहद्द जवळजवळ दोन आठवडे बंद ठेवली. चीनमधून कझाखस्तानमार्गे येणारी गाडी असो की सैबेरियातून येणारी, दोन्ही मावाशेविचेच्या अलीकडे अडकल्या. नकाशावर दोन लांबलचक रेघा, दोन्हींचं दार एक.

हे दार पाहिल्यावर मी घरचा नकाशा काढला. आंतरराष्ट्रीय उत्तर-दक्षिण मार्गाचा करार भारत, इराण आणि रशिया यांनी सप्टेंबर २००० मध्ये केला. मुंबईहून जहाजानं बंदर अब्बास, पुढे इराण ओलांडून कॅस्पियनकडे, आणि मग मॉस्को. एकूण ७,२०० किलोमीटर. २०१४ मध्ये न्हावा शेव्याहून डबे धाडून भारतातल्या मालवाहतूकदारांच्या महासंघानं चाचणी घेतली आणि सुएझच्या वाटेपेक्षा खर्च तीस टक्के आणि वेळ चाळीस टक्के कमी लागतो असा हिशोब मांडला. तेव्हापासून रश्त-अस्तारा या १६२ किलोमीटरच्या न बांधलेल्या तुकड्याकडे बोट दाखवणाऱ्यांत मी पुढं होतो. रशिया आणि इराण यांनी त्या तुकड्याचा करार मे २०२३ मध्ये केला. पण समजा, तो उद्या बांधून झाला. या मार्गाच्या पश्चिमेची अझरबैजानमधली, मधली कॅस्पियनवरची आणि पूर्वेची तुर्कमेनिस्तान-कझाखस्तानातली अशा तीन शाखा मोठ्या अभिमानानं दाखवल्या जातात. तिन्ही इराणमधून निघतात. इराणवर निर्बंध आले की तिन्हींचे बँकव्यवहार आणि विमे एकाच दिवशी थांबतात. तीन शाखा हा तीन मार्गांचा भरवसा नव्हे, हे मी त्या बैठकांत कधी बोललो नाही.

दुसरीकडे सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या जी-२० परिषदेत भारत-मध्यपूर्व-युरोप मार्गाची घोषणा झाली: अमिराती, सौदी अरेबिया, जॉर्डन या देशांतून रेल्वेनं इस्रायलमधल्या हैफा बंदरापर्यंत. महिनाभरात गाझाचं युद्ध पेटलं. आमच्या धंद्यात तेव्हा दोन तट पडले, इराणवाले आणि हैफावाले. मी पहिल्या तटातला. दुसऱ्यांचं युद्धामुळं अडलं म्हणून मला मनातून बरंही वाटलं होतं. आज मला हे दोन मार्ग एकमेकांचे प्रतिस्पर्धी वाटत नाहीत, कारण त्यांची दारं वेगवेगळ्या हातांत आहेत. एक बंद होण्याचं कारण आणि दुसरा बंद होण्याचं कारण बहुतेक वेळा निराळं असेल. भारतासारख्या देशानं दोन्ही अर्धवट ठेवण्यापेक्षा दोन्ही चालतील इतके तरी पुरे करावेत, अशा मताला मी आलो आहे. सर्वांत चांगला मार्ग कुठला हा प्रश्नच मी आता बाजूला ठेवतो. जो आधीपासून चालू आहे तो ज्या दिवशी बंद पडेल, त्या दिवशी हा चालेल का, एवढं मला नियोजनकर्त्यांना विचारायचं असतं.

या मताचा धोका मला दिसतो. पर्यायाच्या नावाखाली कुठलाही पांढरा हत्ती खपवता येईल. डोंगर फोडून न चालणारा लोहमार्ग बांधायचा आणि तोटा झाला की म्हणायचं, अडचणीच्या वेळेसाठी आहे. चीन-किर्गिझस्तान-उझबेकिस्तान या मार्गाची चर्चा १९९० च्या दशकापासून चालली आणि कामाचा प्रारंभ २०२४ च्या डिसेंबरात झाला. तिथंही हा प्रश्न विचारला गेलाच पाहिजे. म्हणून नानांचा प्रश्न मी सोडलेला नाही. परतीचा माल कुठून येणार, बिल्टी एकच चालणार का, कस्टम्स डबा किती ठिकाणी उघडणार, याची उत्तरं नसतील तर पर्यायी मार्गही कागदावरच राहील. आणि त्याची किल्ली जुन्या मार्गाच्या किल्लीवाल्याच्याच खिशात असेल तर त्याला पर्याय म्हणू नये.

शिवाय पर्यायी वाट कोपऱ्यात ठेवलेल्या छत्रीसारखी नसते, की वर्षभर विसरलो तरी पावसात उघडेल. अक्ताऊला माल येईनासा झाला तर जहाजं दुसरीकडे जातात, यारीवाले दुसरी नोकरी बघतात, वेळापत्रक मरतं. अडचणीच्या दिवशी ती वाट चालावी असं वाटत असेल तर सुखाच्या दिवसांतही तिच्यावरून थोडा माल तोटा सोसून जात राहिला पाहिजे. कझाखस्ताननं दोस्तीक ते मोयिंती हा ८३६ किलोमीटरचा दुसरा रूळ टाकायला घेतला तेव्हा त्यातही हाच विचार असावा: गर्दी होण्याआधी जागा करून ठेवायची.

तो तोटा कोण सोसणार, यावर मला स्वतःबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. हे सगळं पटल्यानंतरही परवा एका औषध कंपनीनं अल्माटीला जाणाऱ्या मालाचे दर मागितले, तेव्हा मी त्यांना सर्वांत स्वस्त वाटेचा दर दिला. दुसऱ्या वाटेचा दिला असता तर काम शेजारच्या कचेरीत गेलं असतं. गिऱ्हाईक आजचं भाडं बघतं, मीही बघतो, आणि त्यात कुणाचं काही चुकत नाही. पण आमच्यासारख्यांच्या दरपत्रकांवर सोडला तर दुसरा मार्ग जन्मात उभा राहणार नाही, आणि पहिला बंद पडला की आम्हीच सरकारच्या नावानं बोटं मोडू. तेव्हा असा मार्ग सुरू ठेवायचा वर्षानुवर्षांचा तोटा सरकारांनी उचलावा, त्यासाठी लागणारा कर माझ्या धंद्यावरही बसवावा, असं मी आता म्हणतो. याच खर्चाला मी पूर्वी उधळपट्टी म्हणत होतो. बैठकांतले जुने सोबती त्याची आठवण करून देतात आणि मी ती नाकारत नाही.